मयूरचा राहिलेला नंबर

लालबाग,
१५ जून २०२५, रविवार

चि. धनेश यास अनेक आशीर्वाद.

आज सकाळी मयूरचं टेबल पुसलं. दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानातला दीपक आला, कॉम्प्युटर उघडून आतली धूळ ब्रशने काढून गेला. काही बिघडलेलं नाही म्हणाला. जेवण झाल्यावर तुझी काकू जरा आडवी झाली. मी टेबलाशी बसलो आहे.

तुझा नवीन फोन नंबर तुझ्या आईकडे मागितला होता. "त्याला विचारून देते भावोजी," म्हणाली. परत विचारलं तेव्हा मस्कतचा पत्ता दिला. म्हणून हे पत्र. शाळेत कारकुनी केली, तेव्हा लिहिली ती सगळी कचेरीची पत्रं. घरची पत्रं लिहायची सवय नाही. काही चुकलं तर समजून घे.

तू मयूरच्या दहाव्याला आला नाहीस, तेराव्यालाही नाही. हॉटेलच्या किचनमधून अशी अचानक रजा मिळत नसेल. त्याबद्दल मी विचारत नाही.

दीपकने कॉम्प्युटर सुरू केला तेव्हा मयूरचा तो खेळ आपोआप उघडला. तुम्ही पोरं त्याला खाण म्हणता तो. एका कडेला तिघांची नावं होती, तुझं, नूपुरचं आणि त्याचं. मयूरच्या नावापुढे हिरवा ठिपका आला. मी दीपकला म्हटलं, हा कशाला पेटला. तो म्हणाला, काका, आत माणूस आला की पेटतो. त्याला तरी दुसरं काय सांगता येणार.

खाली तुमचं जुनं लिहिलेलं होतं. फेब्रुवारीतलं. तुझी शेवटची ओळ एका शब्दाची होती, गद्दार. त्याखाली मयूरचं "धन्या ऐक तरी" असं होतं, दोनतीनदा. ते तुला पोचलंच नाही असं दीपक म्हणाला, कारण तू त्याला ब्लॉक केलं होतंस.

तू ते लिहिलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी तो हॉस्पिटलात दाखल झाला. हृदयाच्या व्हॉल्व्हचं ऑपरेशन होतं. त्याने तुला कळवलं नव्हतं. झाल्यावर सांगेन, उगाच तिकडे बसून काळजी करेल, म्हणाला होता.

माझी विनंती एवढीच आहे की तो शब्द मागे घे. मयूर उत्तर द्यायला नाही. त्याच्या नावाखाली शेवटी तो शब्द राहू नये असं मला वाटतं. मी रागाने लिहीत नाही. पाण्याच्या रांगेत बादलीचा एक कान तू आणि एक तो धरून उभे राहायचात, ते मी रोज पाहिलेलं आहे.

तब्येतीला जप.

तुझा,
दौलतकाका


२० जुलै २०२५, रविवार

चि. धनेश यास आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. पोस्टातला माणूस म्हणतो वेळ लागतो.

आज नूपुर आली होती. ठाकूरद्वारहून येताना खारी आणि स्वतःचा लॅपटॉप घेऊन येते. गेल्या महिन्यापासून ती रविवारी सकाळी येते आणि मला खाण शिकवते. मीच तिला फोन केला होता. तुमच्यात नेमकं काय झालं ते मला समजून घ्यायचं होतं. ती म्हणाली, काका, सांगून नाही कळणार, खेळावं लागेल.

मला अजून धड चालता येत नाही. डाव्या हाताने चालायचं, उजव्या हाताने बघायचं आणि मारायचं.

"दोन्ही एकदम?" मी विचारलं.

"रस्त्यावर चालताना तुम्ही बघत नाही का काका?"

"तिथे मारावं लागत नाही."

मी जमिनीकडे बघत चालतो आणि भिंतीला धडकतो. गेल्या रविवारी घाबरून बटण दाबलं तर गोळी नूपुरच्या पाठीत बसली. "काका, मी आहे ती," नूपुर म्हणाली. आतून काकूने ऐकलं. "अहो, त्या पोरीला काय मारताय? पाहुणी आहे ती." नूपुर एवढी हसली की मागून आलेल्या जनावराने आम्हा दोघांनाही खाल्लं. काकू मात्र या टेबलाजवळ येत नाही. चहा दारातूनच देते.

मला समजला तो खेळ असा. चुकत असेल तर दुरुस्त कर. तिघांनी मिळून खाणीत उतरायचं. मजल्यामजल्यावर जनावरं असतात, दुसऱ्या टोळ्या असतात. एकमेकांना सांभाळल्याशिवाय एक मजलासुद्धा उतरता येत नाही. मेलं की कमावलेलं सगळं गेलं, परत वरून रिकाम्या हाताने सुरुवात. आणि खाणही तीच राहत नाही, दर वेळी आतले रस्ते बदलतात. सगळ्यात खाली गेलं की वर यायला लिफ्ट असते, पण तीत जागा दोघांचीच. कंपनीने ती मुद्दाम तशी केली आहे. तिथवर भावासारखे आलेले लोक लिफ्टपाशी एकमेकांना गोळ्या घालतात.

"तुम्हीपण?" मी नूपुरला विचारलं.

"नाही काका. आमच्यात नंबर होता."

"म्हणजे?"

"तुम्ही मला काय विचारता? तुमच्याच चाळीतलं आहे ते. आमच्याकडे ठाकूरद्वारला पहिल्यापासून घरात नळ. मला या दोघांनी शिकवलं."

मग तिने सांगितलं. या वेळी एकाने खाली राहायचं, पुढच्या वेळी दुसऱ्याने. ज्याचा नंबर त्याने काही न बोलता बाजूला व्हायचं. दुसऱ्या दोघांनी निघताना त्याला सलाम करायचा. ती म्हणाली, अख्ख्या जगात हा खेळ अशा पद्धतीने खेळणारे आपणच तिघं असू, असं धन्या म्हणायचा.

मला माहीतच नव्हतं. मजल्यावर एक नळ होता, तेव्हाची ती पद्धत. किती घरं त्या एका नळावर होती. भांडणं जुगाराची झाली, दारूची झाली, ती लोक विसरले. पण नंबर चुकवलेला कोणी विसरत नसे. तुझी आई आणि काकू वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या, ते एका हंड्यावरून. तुम्ही दोघं तेव्हा लहान होतात. तेवढं वर्ष निरोप तुम्हीच पोचवायचात.

नूपुरकडून तुझ्या शब्दामागचं कारणही कळलं. त्या दिवशी खाली राहायचा नंबर मयूरचा होता आणि तो न सांगता लिफ्टमध्ये चढला. दिवाळीपासून तू सांभाळून वाढवलेला माणूस खाली मेला.

ऐकून मला वाईट वाटलं. तरी खेळच होता, असंही मनात आलं. तो शब्द मागे घ्यावास ही विनंती परत करतो.

दौलतकाका


१० ऑगस्ट २०२५, रविवार

चि. धनेश यास आशीर्वाद.

काल संध्याकाळी तुझी आई गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. माझ्याकडे न बघताच बोलली.

"भावोजी, तो म्हणता, काकांका सांग पत्रां पाठवू नको."

"आणखी काय म्हणाला?"

"आणि काय नाय. फोन ठेवल्यान."

मग बराच वेळ ती एकच टॉवेल झटकत राहिली. थोड्या वेळाने आंबोळ्या घेऊन आली, दोन माणसांना संपणार नाहीत एवढ्या. तिच्यावर रागावू नकोस. तिने निरोप जसाच्या तसा सांगितला.

तू नको म्हटल्यावर लिहायला नको होतं. पण एक गोष्ट कळवायची राहून जाईल म्हणून लिहितो.

मंगळवारी नूपुर नव्हती, तर मी एकटाच खाणीत गेलो. एकटा गेलं की खेळ आपल्याला कोणाहीबरोबर घालतो. दोन मुलं मिळाली. कुठली होती कोण जाणे, हिंदीत बोलत होती. चांगली होती. मी मागे पडलो की थांबायची, "अंकल, इधर से आओ, डरो मत," म्हणायची. माझ्या अंगावर आलेलं जनावर एकाने स्वतःच्या गोळ्या संपवून मारलं. आयुष्यात पहिल्यांदा मी लिफ्टपर्यंत पोचलो. कोणाला सांगू नकोस, पण मला आनंद झाला होता.

लिफ्टपाशी मी विचारलं, "नंबर किसका है?"

"कौन सा नंबर, अंकल?" म्हणून दोघं हसले आणि आत चढले. जाताना एक म्हणाला, "सॉरी अंकल, गेम है."

मी खाली उभा राहिलो आणि मेलो. आणि धनेश, मला जराही राग आला नाही. खुर्चीवरून उठलो, पाणी प्यायलो. त्यांनी मला कशाचाही शब्द दिलेला नव्हता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तू चिडलास तो माणूस मेला म्हणून नाही, खेळ हरलास म्हणूनही नाही. ज्याच्याबरोबर तू बादली धरून रांगेत उभा राहिलास त्याने नंबर चुकवला. दुसऱ्या कोणी चुकवला असता तर तू हसून सोडून दिलं असतंस. मी खेळच होता असं लिहिलं, ते माझं चुकलं.

तुझा राग बरोबर होता. तो शब्द मागे घे असं यापुढे म्हणणार नाही.

दौलतकाका


३१ ऑगस्ट २०२५, रविवार

चि. धनेश यास आशीर्वाद.

या वर्षी आमच्याकडे गणपती नाही. वर्षाच्या आत करायचा नसतो. सकाळी उकडीचे मोदक तुझ्या आईकडून आले. काकूने एक खाल्ला. बाहेर गर्दी एवढी की कोपऱ्यापर्यंत जाता येत नाही, म्हणून दोन दिवस घरातच आहे.

मला हे लिहायचं नव्हतं. माझ्यापाशीच ठेवावं असं वाटत होतं. पण खाणीचा सीझन २६ सप्टेंबरला संपतो. नूपुर म्हणाली, त्या दिवशी सगळ्यांची माणसं पुसली जातात, मयूरचा माणूसही. त्याच्या आधी तुला कळलेलं बरं.

आपल्याकडून परळचं हॉस्पिटल काय लांब. दाखल व्हायचं त्या दिवशी आम्ही चालतच निघालो. पिशवी माझ्याकडे होती. काकू पुढे गेली होती. पुलापाशी मयूर थांबला. त्याला चढाला दम लागायचा, म्हणून मीही थांबलो. कठड्याला टेकून म्हणाला, "बाबा, काल मी नंबर चुकवला."

"कुठला?"

"खेळातला. धन्याला खाली ठेवून वर आलो. खूप शिव्या घातल्या त्याने."

"मग सॉरी म्हण त्याला."

"म्हणणार. आधी हे उरकू दे. पुढचे दोन्ही नंबर मीच घेणार, त्याला सांगितलं की शांत होईल."

आम्ही चालायला लागलो. थोडं पुढे गेल्यावर परत बोलला. माझ्याकडे बघत नव्हता. "काल मला खाली राहायचं नव्हतं, बाबा. खेळातसुद्धा."

मी म्हटलं, "चल लवकर. केसपेपरच्या रांगेत मागे पडू."

एवढंच आमचं बोलणं झालं. तेव्हा मला खाण माहीत नव्हती, नंबर माहीत नव्हता. पोरगं खेळाचं काहीतरी सांगतंय असं वाटलं. घरात तो ऑपरेशनची चेष्टा करत होता. काकूला म्हणायचा, नवीन व्हॉल्व्ह बसला की गॅरंटी कार्ड नीट ठेव. तो घाबरला होता हे मला त्या लिफ्टपाशी उभं राहिल्यावर कळलं. सहा महिन्यांनी.

त्याने चुकवला ते चूकच. तो घाबरला होता म्हणून ती चूक नाही, असं मी म्हणत नाही. फक्त तुला फसवायला तो चढला नव्हता एवढं तुला माहीत असावं.

२६ तारखेला शुक्रवार आहे, तुला सुट्टी असते. मी आणि नूपुर दुपारी तीनला बसणार आहोत. तुझ्याकडे तेव्हा दीड वाजलेला असेल. यावंसं वाटलं तर ये. नाही आलास तरी मी तुला दोष देणार नाही आणि यानंतर पत्र टाकून त्रासही देणार नाही.

दौलतकाका


२७ सप्टेंबर २०२५, शनिवार

चि. धनेश यास अनेक आशीर्वाद.

पत्र टाकणार नाही असं लिहिलं होतं. हे एक टाकतो, कारण तुम्ही दोघं वर गेल्यानंतरचं तुला दिसलेलं नाही.

तुझ्या नावापुढे हिरवा ठिपका आला तेव्हा मी पाणी पीत होतो. नूपुरने हातातला पेला काढून घेतला. तू माईक सुरू केला नव्हतास. पण तू वळणावळणावर थांबत होतास. जिन्यावर म्हाताऱ्या माणसासाठी थांबतात तसा. दोनदा माझ्या पुढे येऊन उभा राहिलास आणि तुला लागलं. ते मी पाहिलं, सांगितलं नाही एवढंच. नूपुर हळूच म्हणाली, "काका, तो मयूरच्या मागून असाच चालायचा. मागे लक्ष ठेवत, उलटा."

लिफ्टपाशी तू माईक सुरू केलास. इतक्या महिन्यांनी तुझा आवाज ऐकला. जाड झाला आहे, की सर्दी होती.

तू म्हणालास, "काका, तुम्ही चढा. मी राहतो."

मी म्हटलं, "नंबर कोणाचा आहे?"

मग मीच सांगितलं.

"आमचा आहे धनेश. फेब्रुवारीपासून राहिलाय."

तू लिफ्टमध्ये चढलास, पण बटण दाबलं नाहीस. ते नूपुरने दाबलं. सलाम मात्र तू केलास. मला उलट कसा करायचा ते येत नव्हतं, म्हणून मी नुसताच तुझ्याकडे बघत राहिलो. तो मला दिसला नाही असं वाटून घेऊ नकोस.

आता पुढचं. लिफ्ट गेली की खाली अंधार होत जातो. एकदम होत नाही, लांबचा दिवा आधी जातो, मग जवळचा. माझ्याजवळ गोळ्या होत्या. नूपुरने एकदा बसायचं बटण शिकवलं होतं ते दाबलं आणि मयूरच्या माणसाला भिंतीला टेकवून खाली बसवलं. जनावरांचे आवाज यायला लागले. मी गोळी मारली नाही.

तेवढ्यात खुर्चीच्या मागे काकू येऊन उभी राहिली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा ती त्या टेबलाजवळ आली. नूपुर बाजूला सरकली.

"हा कोण?" काकूने विचारलं.

"मयूर."

"एकटाच का बसलाय?"

"एकटा नाही. मी आहे ना."

ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून बघत राहिली. आयसीयूत तो गेला तेव्हा आम्ही दोघं बाहेर बाकावर होतो. आत यंत्रं होती, डॉक्टर होते, त्यांनी त्यांचं सगळं केलं. आम्ही बाकावर होतो. मला त्या बाकाच्या पट्ट्या आठवतात, दुसरं काही आठवत नाही.

शेवटचा दिवा गेल्यावर पडदा काळा झाला. काकूने विचारलं, "दुखलं असेल का हो त्याला?"

"नाही," मी म्हटलं.

ती स्वयंपाकघरात गेली आणि मग बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता. नूपुरने जाताना माझ्या पायांना हात लावला. जिना उतरताना ती थांबत थांबत गेली.

आज सकाळी परत उघडून बघितलं. नवीन सीझन सुरू झाला आहे. पडद्यावर एक रिकामा माणूस उभा आहे आणि नाव विचारतो आहे. तुमचं जुनं लिहिलेलं सगळं गेलं. तुझा तो शब्द गेला, आणि त्याखालचं मयूरचं, ऐक तरी म्हणून लिहिलेलं, तेही. नूपुरला फोन करून विचारलं, परत मिळतं का. नाही मिळत म्हणाली. मला वाटलं होतं तुझा शब्द गेला की बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

तुला रजा मिळेल तेव्हा ये. फेब्रुवारीत वर्षश्राद्ध आहे. तेव्हाच ये असं नाही. काकूने तुझ्यासाठी कुळथाची पिठी भरून ठेवली आहे, ती तुझ्या आईजवळ देतो. कोणी येणारं असेल तर पाठवेल.

कॉम्प्युटर बंद करून त्यावर काकूच्या जुन्या साडीचं फडकं घातलं. काकू तुझ्या आईकडे गेली आहे. संध्याकाळचं पाणी आलं, नळाचा आवाज येतो आहे. आता नळ घरातच आहे, रांग नाही. उठतो आणि हंडा लावतो.

तुझा,
दौलतकाका